एकाच सर्व्हरवर दोन-तीन व्हर्जन: रेपो, पायएन्व्ह की डॉकर?

जुनी साइट पीएचपी (साइट ज्या भाषेत लिहिलीय ती) ७.४ वर अडकलेली, नव्या प्रोजेक्टला ८.३ पाहिजे आणि सर्व्हर एकच, अशा वेळी इन्स्टॉल करणं सोपंच आहे हो, पण पुढे सिक्युरिटी पॅच कोण टाकणार हे आधी ठरवा, माझ्या मते निवड त्यावरच होते.

पीएचपी असेल तर जास्त विचार करू नका, पॅकेजच घ्या. उबंटू-डेबियनवर ओंद्रेज सुरी यांची रेपो (तयार पॅकेजेसचा साठा), रेड हॅटवर रेमी नावाची रेपो. प्रत्येक व्हर्जनची एफपीएम सर्व्हिस (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) वेगळी, तिच्याशी बोलायचं सॉकेट वेगळं, एनजिनएक्समध्ये (वेब सर्व्हरमध्ये) ज्या साइटला जे पाहिजे ते सॉकेट द्यायचं, झालं. अपडेट नेहमीच्या अपग्रेडबरोबर येतात. फक्त एक्स्टेन्शन प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळी टाकावी लागतात, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) नुसतं पीएचपी न लिहिता व्हर्जनसकट लिहा, नाहीतर साइट एका व्हर्जनवर आणि क्रॉन दुसऱ्यावर चालतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रेड हॅट ८ च्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये मात्र एका वेळी एकच स्ट्रीम (म्हणजे एकच व्हर्जन) बसते, दोन पाहिजेत तर रेमीची शेजारी-शेजारी बसणारी पॅकेजेस घ्या.

पायथनला वेगळी काळजी. सिस्टिमचा पायथन बदलायचा नाही म्हणजे नाही! उबंटू २२.०४ मध्ये ३.१० असतो, २४.०४ मध्ये ३.१२, आणि डिफॉल्ट लिंक दुसरीकडे वळवली की एप्टच्या (उबंटूच्या पॅकेज टूलच्या) आजूबाजूची टूल्स मोडतात, कारण त्यांची मॉड्यूल्स त्याच व्हर्जनसाठी बिल्ड केलेली असतात. पायएन्व्ह (पायथनची अनेक व्हर्जन ठेवायचं टूल) लॅपटॉपवर मस्त आहे, पाहिजे ते व्हर्जन मिळतं, पण ते सोर्समधून कंपाइल करतं, म्हणजे ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची) डेव्ह पॅकेज नसेल तर एसएसएल मॉड्यूल बनत नाही आणि इन्स्टॉल एररवर अडकतं. शिवाय क्रॉन आणि सिस्टिमडी (सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम) तुमचं बॅशआरसी, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगची फाइल, वाचत नाहीत, तिथे पूर्ण पाथच द्यावा लागतो, आणि पॅच व्हर्जन आलं की परत कंपाइल करा, व्हेन्व्ह (प्रोजेक्टचं वेगळं पायथन फोल्डर) परत बनवा. हे कोणीतरी नियमित करणार असेल तरच सर्व्हरवर ठेवा. नोडच्या (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टच्या) एनव्हीएम या व्हर्जन टूलचंही थोडंफार तसंच.

व्हर्जन बरीच असतील, किंवा टीम वेगवेगळ्या असतील, तर सरळ डॉकर, म्हणजे प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कंटेनरमध्ये, बंद डब्यात. होस्टवर (मूळ सर्व्हरवर) काहीच सांडत नाही, मागे जायचं तर इमेजचा (ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्याचा) जुना टॅग लावायचा. पण होस्ट अपग्रेड केला म्हणून कंटेनरच्या आतलं काही अपडेट होत नाही, इमेज स्वतः रिबिल्ड करायच्या. आणि पीएचपी ७.४ चा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय, कंटेनरमध्ये घातलं तरी त्यातली भोकं तशीच राहतात, त्यामुळे जुनी साइट नव्या व्हर्जनवर हलवायची तारीख आत्ताच ठरवा.