जुन्या सिनेमाची डिस्क घेताना: डीव्हीडी, ब्लू-रे की ४के?

‘सिटिझन केन’मध्ये म्हातारा बर्नस्टीन ऑफिसात बसून जुन्या आठवणी सांगतो, तेव्हा त्याच्या पाठीमागच्या खिडकीबाहेर पाऊस पडत असतो. २००१ साली या सिनेमाची डीव्हीडी आली, त्यात तो पाऊस जवळपास पुसला गेला होता. धूळ आणि ओरखडे काढणारं सॉफ्टवेअर एका फ्रेमची तुलना पुढच्या-मागच्या फ्रेमशी करतं. एका फ्रेममध्ये आहे आणि शेजारच्या फ्रेममध्ये नाही, ते सगळं कचरा, असा त्याचा हिशोब. पावसाची रेघही तशीच, या फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही. २०११च्या ब्लू-रेमध्ये पाऊस परत आला.

डीव्हीडी, ब्लू-रे की ४के हा प्रश्न पडला की बहुतेक जण आधी पिक्सेल मोजतात. मोजू या. डीव्हीडीवर ७२० बाय ४८० किंवा ७२० बाय ५७६, म्हणजे साडेतीन-चार लाख. ब्लू-रेवर १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. ४केवर ३८४० बाय २१६०, ऐंशी लाखांच्या वर. पण जुन्या सिनेमाच्या बाबतीत डिस्कवर किती पिक्सेल आहेत हा माझ्या मते तिसऱ्या नंबरचा प्रश्न. पहिला प्रश्न, स्कॅन कशावरून केलं? दुसरा, स्कॅन केल्यावर त्या चित्राचं काय केलं?

पहिल्यापासून सुरुवात करतो. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह सगळ्यात तपशीलवार. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून डुप (म्हणजे नकल केलेली) निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीला चित्र थोडं मऊ होतं आणि काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा कमी होतात. थिएटरात झिजलेल्या प्रिंटवरून ४के स्कॅन केलं, तर ती झीज ४केमध्ये दिसते, एवढंच. म्हणून बॉक्सवर ‘४के रिस्टोरेशन’ लिहिलेलं असलं तरी मी आधी ‘मूळ निगेटिव्हवरून’ हे शब्द शोधतो.

अर्थात कधीकधी मूळ निगेटिव्हच उरलेली नसते. ‘पथेर पांचाली’ची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळली. वाळून कडक झालेली, कडा वितळलेली ती रिळं पुढे बोलोन्यामध्ये रसायनांनी पुन्हा लवचिक करून, हातांनी दुरुस्त करून स्कॅन केली. जिथे काहीच वाचलं नव्हतं तिथे डुप निगेटिव्ह आणि मास्टर पॉझिटिव्ह वापरले. त्यामुळे २०१५च्या रिस्टोरेशनमध्ये सगळे शॉट सारख्या तोडीचे असणं शक्यच नाही. ‘मेट्रोपोलिस’चं उदाहरण याहून टोकाचं. हरवलेले प्रसंग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सला सापडले, पण १६ एमएमच्या, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएमपेक्षा अरुंद फिल्मवरच्या, ओरखडलेल्या प्रतीत. ते प्रसंग सुरू झाले की पडद्यावर उभ्या रेघांचा पडदा सरकल्यासारखं वाटतं. मला त्याचं काही वाटत नाही. उलट तो भाग घासूनपुसून बाकीच्याशी जुळवला असता तर जास्त खटकलं असतं.

आता दुसरा प्रश्न, आणि डिस्का बिघडतात त्या मुख्यतः इथेच. फिल्मवरचं चित्र म्हणजेच ग्रेन. कृष्णधवल फिल्ममध्ये ते चांदीचे कण असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्यांची मांडणी वेगळी, म्हणून चित्र बारीक सळसळत असतं. डिजिटल कॉम्प्रेशनला हे अजिबात आवडत नाही. दर फ्रेमला बदलणारी गोष्ट साठवायला प्रचंड डेटा लागतो. डीव्हीडीवर व्हिडिओसाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात. त्यात ग्रेन बसत नाही. एकतर त्याचे चौकोनी ठोकळे होतात, नाहीतर आधीच घासून काढावा लागतो. ब्लू-रेवर ती मर्यादा ४० मेगाबिट आहे आणि डिस्क ५० जीबीची. ४केच्या डिस्का १०० जीबीपर्यंत जातात आणि त्यांचं कॉम्प्रेशनही नव्या पद्धतीचं. जुन्या सिनेमाला मोठ्या डिस्कचा फायदा होतो तो इथे: ग्रेन न मारता चित्र राहू शकतं.

पण राहू शकतं म्हणजे ठेवलेलंच असतं असं नाही. ‘पॅटन’ ६५ एमएमच्या रुंद फिल्मवर चित्रित झालेला, म्हणजे तपशिलाची खाणच. २००८च्या ब्लू-रेमध्ये तो इतका घासला की चेहरे मेणाचे झाले. २०१२ मध्ये तोच सिनेमा पुन्हा ब्लू-रेवरच आला आणि माणसांना त्वचा आली. ४केही यातून सुटलेला नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘ट्रू लाइज’च्या ४के डिस्कवर सॉफ्टवेअरने चेहरे इतके ‘सुधारले’ की त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली.

डिस्क हातात असेल तर एक गोष्ट करून पाहा. एक प्रसंग दुसऱ्यात विरघळतो अशी जागा शोधा. पूर्वी हा डिझॉल्व्ह लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर दोन तुकड्यांवरून नवा तुकडा तयार करून करत. म्हणजे तेवढा भाग मूळ निगेटिव्हपेक्षा पिढीने धाकटा. चांगल्या ट्रान्सफरमध्ये (फिल्मवरून डिस्कसाठी केलेल्या प्रतीत) डिझॉल्व्ह सुरू होताना चित्र एकदम खरखरीत आणि किंचित मऊ होतं, आणि संपल्यावर टक्कन पुन्हा स्वच्छ होतं. पहिल्यांदा मला हा डिस्कचा दोष वाटला होता. आता तो दिसला की जीव भांड्यात पडतो. चित्र सगळीकडे सारखंच गुळगुळीत असेल, भिंतीवरचा ग्रेन गोठलेला आणि पुढचा माणूस हलतोय असं दिसत असेल, किंवा आकाशासमोरच्या काळ्या टोपीभोवती पांढरी कड दिसत असेल, तर कोणीतरी नको तिथे हात घातलाय.

डीव्हीडीची आणखी एक खोड आहे, ती ५७६ ओळींच्या पाल (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डिस्कांची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, पाल २५. सोपा उपाय म्हणून सिनेमा चार टक्के जोरात पळवतात. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, आणि वेगळी दुरुस्ती केली नसेल तर आवाजही चढतो. ओळखीचं गाणं ऐकताना हे लगेच कळतं. ब्लू-रे आणि ४केवर २४ फ्रेम सरळ बसतात.

पण ब्लू-रे म्हटलं की हे सगळं आपोआप सुटतं असंही नाही. एकदा ‘नव्याने रिस्टोर केलेला’ अशी पट्टी असलेली एक ब्लू-रे मी उत्साहाने घेतली. घोडा दौडायला लागला आणि त्याच्या पायांना कंगव्यासारखे दाते फुटले. डीव्हीडीच्या काळातलं व्हिडिओ मास्टर ताणून मोठं केलं होतं. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीत तोच घोडा बरा धावत होता.

रंगाची भानगड वेगळी. १९५० नंतरच्या ईस्टमनकलर फिल्मचे रंग उडतात आणि चित्र गुलाबी पडतं, त्यामुळे मूळ रंग कसे होते हे कोणीतरी ठरवावंच लागतं. २००९ मध्ये ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या ब्लू-रेसाठी दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने रंग आपल्या मनाने बदलले आणि छायाचित्रकार ओवेन रॉइझमनने त्यावर जाहीर टीका केली. २०१२ मध्ये पुन्हा वेगळं ट्रान्सफर आलं. म्हणजे ‘दिग्दर्शकाने मान्य केलेलं’ या शिक्क्यावरही डोळे झाकून जाऊ नये. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाची नोंद वेगळ्या निगेटिव्हवर करणाऱ्या पद्धतीत, मात्र नशीब चांगलं, कारण तिन्ही निगेटिव्ह कृष्णधवल, त्यांचे रंग उडायचा प्रश्नच नाही. त्या कमीजास्त आकसतात आणि एकावर एक नीट बसत नाहीत, पण ते आता संगणकावर जुळवता येतं. ‘द रेड शूज’च्या निगेटिव्हना तर बुरशी लागली होती, २००९च्या रिस्टोरेशननंतर तो लालबुंद रंग पाहिला की विश्वास बसत नाही.

मग ४के कधी घ्यावं? ६५ एमएम किंवा व्हिस्टाव्हिजनचा (३५ एमएम फिल्म आडवी चालवून मोठी फ्रेम घेणाऱ्या पद्धतीचा) सिनेमा असेल तर बिनधास्त. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची निगेटिव्ह ८केमध्ये स्कॅन झाली आहे, तिथे पिक्सेलला खरंच काम आहे. टेक्निकलरसाठीही घ्यावं, रंगांना जास्त वाव मिळतो म्हणून. ३५ एमएम कृष्णधवल सिनेमा, मध्यम आकाराचा टीव्ही आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला सोफा असेल, तर त्याच रिस्टोरेशनची ब्लू-रे घ्या, फरक शोधावा लागेल. एकच गोष्ट ४केच्या बाजूने: दहा बिटमुळे प्रत्येक रंगाला २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात, म्हणून धुकं किंवा अंधारात विरत जाणारा शॉट पट्ट्यापट्ट्यांचा दिसत नाही. एचडीआरच्या (जास्त उजेड आणि जास्त गडद अंधार दाखवणाऱ्या सोयीच्या) झगमगाटासाठी जुना सिनेमा घेऊ नका. चांगल्या डिस्कवर तो जाणवतही नाही. ४केला रीजन कोडही (डिस्क ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालू देणारं कुलूप) नाही, डिस्क कुठूनही मागवा. डीव्हीडी आणि ब्लू-रेचा रीजन मात्र आधी तपासा. आणि कुठलीही डिस्क लावण्याआधी टीव्हीचं शार्पनेस खाली आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नाहीतर एवढा सगळा खल फुकट.

नवी डिस्क आली म्हणून जुनी डीव्हीडी लगेच कोणाला देऊन टाकू नका. आधी आवाजाच्या मेनूत मूळ मोनो ट्रॅक आहे का बघा. नव्या आवृत्तीत कधीकधी फक्त ५.१चा, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरसाठी केलेला, नवा मिक्स असतो. ‘व्हर्टिगो’च्या १९९६च्या रिस्टोरेशनमध्ये तर पावलांचे, गाड्यांचे आवाज नव्याने रेकॉर्ड केले होते. जुन्या डीव्हीडीवरची कॉमेंटरीही पुढच्या डिस्कवर येतेच असं नाही. माझ्या कपाटात तीन-चार डीव्हीडी केवळ आवाजासाठी ठेवलेल्या आहेत.