आईच्या मशीनला अकरा महिने: लातूरच्या पाण्यात सेमी-ऑटोमॅटिक

मागच्या दिवाळीत लातूरच्या घरी आठ किलोचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतलं. दोन टबांचं, एक टब धुण्याचा आणि एक पिळण्याचा, साडेतेरा हजारांचं. मी राहते जर्मनीत, येना या गावी. मशीन वापरते आई, त्यामुळे हा अनुभव निम्मा तिचा आहे. दिवाळीत तीन आठवडे आणि उन्हाळ्यात पाच आठवडे मी स्वतः त्यावर धुणं धुतलं, बाकीचं रोज फोनवर ऐकलं. आता दसरा तोंडावर आलाय. परदेशात बसून आईवडिलांसाठी मशीन शोधणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठी सगळं नीट लिहून काढते.

आधीचं मशीन फुल्ली ऑटोमॅटिक होतं, वरून कपडे टाकायचं. मीच येनातून ऑनलाइन मागवलेलं. सातव्या वर्षी त्याचं कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेलं. सर्व्हिसवाले दोन महिने 'पार्ट मागवलाय' म्हणत राहिले आणि शेवटी 'ते मॉडेल आता बंद झालं' असं सांगून मोकळे झाले. मोटार चांगली, टब चांगला, पंप चांगला. एका कार्डापायी अख्खं मशीन भंगारात गेलं. त्या दोन महिन्यांत आई, वय ६६, गुडघे धरलेले, मोरीत पाटावर बसून दोघांचं धुणं धूत होती आणि मला फोनवर एका शब्दाने बोलली नाही. मला कळलं ते शेजारच्या काकूंकडून. ते मी अजून विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं मशीन निवडताना मी ग्राहकांनी दिलेले तारे मोजले नाहीत.

त्याच सुमारास येनात माझ्या स्वतःच्या मशीनचं बेअरिंग, म्हणजे ड्रम ज्यावर फिरतो तो भाग, वाजायला लागलं. पिळायची वेळ आली की घरात बोलणं ऐकू येईना. कारागीर आला, ड्रम हाताने हलवून पाहिला, मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात मला एक रेघ दाखवली. बाहेरच्या प्लास्टिकच्या टबाचे दोन अर्धे भाग तिथे वितळवून एकमेकांना चिकटवलेले होते. स्क्रू नाही, क्लिप नाही. आतलं बेअरिंग वीस-पंचवीस युरोंचं, पण तिथवर हात पोचायचा तर टब करवतीने कापावा लागतो, नाहीतर टब-ड्रमचा पूर्ण संच बदलावा लागतो. तो संच जवळपास नव्या मशीनच्या भावात पडत होता.

युरोपात याबद्दल कायदा नाही असं नाही. १ मार्च २०२१ पासून नियम आहे की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं मोटार, पंप, हीटर, कार्ड, बेअरिंग असे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि मागणी केल्यावर कामाच्या १५ दिवसांत पोचले पाहिजेत. पण त्याच नियमात ड्रम आणि बेअरिंग 'वेगळे किंवा एकत्र' द्यायची मुभा आहे. माझं अडलं ते या तीन शब्दांत. शेवटी मी एक जुनं, वापरलेलं मशीन घेतलं, ज्याचा टब बोल्टांनी जोडलेला आहे. त्याच्या मोटारीचे कार्बन ब्रश मी गावातल्या रिपेअर कॅफेत, जिथे लोक जमून एकमेकांच्या मदतीने वस्तू दुरुस्त करतात, स्वतः बदलले. पेन्सिलीच्या शिशासारखे काळे तुकडे असतात ते, झिजून नखाएवढे उरले होते. दुरुस्तीची ही कॅफे-पद्धत २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली आणि आता जर्मनीत गावोगावी आहे. आमच्या थुरिंगिया राज्याने तर २०२१ मध्ये दुरुस्तीच्या बिलाचे निम्मे पैसे, १०० युरोपर्यंत, परत द्यायला सुरुवात केली होती.

पण आईच्या घरी यातलं काही चालत नाही. लातुरात मशीन बंद पडलं तर ते कोण उघडणार, हाच पहिला प्रश्न. म्हणून दिवाळीत घरी गेल्यावर मी शोरूमच्या आधी गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या गल्लीत गेले. तिथे मिक्सर, पंखे, कूलर, मशीन दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांच्या दुकानात अर्धा तास नुसती उभी राहिले. कोणती मशीन उघडी पडली आहेत आणि कशाने बंद पडली आहेत, ते पाहत होते. एका कोपऱ्यात फुल्ली ऑटोमॅटिकची सहा-सात कार्डं सुतळीने बांधून ठेवलेली. मी विचारल्यावर म्हणाले, "ताई, मशीन कुठली बी घ्या. पण तिचा पार्ट या गल्लीत मिळतो का, हे आधी बघा. मोटार जळली तर मी इथं भरून देतो. कार्ड जळालं तर मी बी फोन करून बसतो अन् तुम्ही बी."

तरी माझं मन फ्रंट लोडकडे, म्हणजे समोरून कपडे टाकायच्या मशीनकडे, ओढत होतं, आणि त्याला कारण होतं पाणी. फ्रंट लोडला एका धुण्याला साधारण पन्नास लिटर पुरतात. लातूरच्या माणसाला ही गोष्ट साधी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, तेव्हा आई बादल्या मोजून धुणं धुवायची आणि धुण्याचं पाणी संडासात वापरायची. पाणी वाचवणारं मशीन टाळायचं हे मला पटेना.

मग टेप घेऊन गच्चीवर गेले. टाकीचा तळ मशीनच्या नळापासून जेमतेम दहा फूट वर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार, म्हणजे आमच्याकडे ०.३ बार. बहुतेक फ्रंट लोडच्या माहितीपुस्तिकेत कमीत कमी दाबच ०.३ ते ०.५ बार लिहिलेला असतो. टाकी अर्धी झाली, जाळीत गाळ बसला की मशीन पाण्याची वाट बघत थांबणार. प्रेशर पंप बसवता येतो, पण मग बिघडणाऱ्या वस्तू एकाच्या दोन झाल्या.

दुसरं, बोअरचं पाणी. आमच्या बोअरचं पाणी तपासून घेतलं तर कठीणपणा लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं मानतात आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जर्मनीत धुण्याच्या पावडरच्या खोक्यावर 'कठीण पाणी' म्हणून जो शेवटचा रकाना असतो, तो २५० च्या आसपास सुरू होतो. येनाच्या भोवती चुनखडीचे डोंगर आहेत, तिथेही किटलीत थर बसतो, पण लातूरची गोष्ट वेगळी. असं पाणी तापवलं की क्षार सुटून हीटरवर बसतात. सेमी-ऑटोमॅटिकला हीटरच नाही. मला वाटतं, आमच्या भागात हीटर नसणं हाच या मशीनचा मोठा गुण आहे.

तिसरं, वीज. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज १८० च्या खाली जातं. सेमीमध्ये किल्ली पिळायचा टायमर आणि साध्या मोटारी. वीज गेली तरी टायमर स्प्रिंगवर फिरत राहतो, आली की किल्ली पुन्हा पिळायची आणि काम पुढे चालू. बिघाडाचा संदेश दाखवून अडून बसणारं काही नाही.

तर ते घेतलं. शोरूमवाल्याला मी तीन गोष्टी विचारल्या: दोन्ही मोटारींचे कपॅसिटर (मोटार सुरू करून देणारे भाग) कोणत्या मापाचे, धुण्याच्या टबात कपडे फिरवणाऱ्या पंख्याखालचा गिअर बॉक्स सुटा मिळतो का, आणि मागचं झाकण साध्या पेचकसाने उघडतं का. त्याला उत्तरं माहीत नव्हती, पण त्याने आतल्या माणसाला बोलावलं आणि आम्ही मशीन आडवं करून पाहिलं. मी हे सगळ्यांना सांगेन. दुकानात लाजू नका, मागची बाजू बघा.

आता पाण्याचं. पहिल्या आठवड्यात मी मशीन जर्मन पद्धतीने चालवत होते, म्हणजे प्रत्येक घाण्याला, एका वेळी टाकलेल्या कपड्यांना, नवं पाणी. आईने दोन दिवस पाहिलं आणि मला बाजूला केलं. तिची रीत अशी: मोठी बादली १५ लिटरची, अशा चार बादल्यांत टब भरतो. त्यात एकदाच पावडर आणि चमचाभर धुण्याचा सोडा. आधी पांढरे कपडे, ते काढून पिळायच्या टबात. त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत. मग त्याच पाण्यात दादांचे, म्हणजे वडिलांचे, शेतातले कपडे आणि पायपुसणी. तिन्ही घाणे पिळून तीन ढीग. मग पाणी सोडून द्यायचं, चार बादल्या नवं, त्यात तिन्ही ढीग त्याच क्रमाने खळबळायचे आणि पुन्हा पिळायचे. मग शेवटचं स्वच्छ पाणी. खळबळण्याआधी पिळून घेणं यातच सगळी खुबी आहे. साबण आधीच निघून गेलेला असतो, म्हणून कमी पाण्यात कपडे निघतात.

मी वहीत मांडलं. तीन घाण्यांना मध्ये घातलेलं पाणी धरून चौदा बादल्या, म्हणजे २१० लिटर. फ्रंट लोडला तीन घाण्यांना दीडशे लागले असते. पण शेवटच्या खळबळीचं चार बादल्या पाणी आई नळी पिंपात सोडून धरते. ते संडासाला आणि अंगणाला जातं. तेवढं वजा केलं तर हिशेब बरोबरीला येतो. मला इतके दिवस वाटत होतं की पाणी मशीन वाचवतं. आई मात्र जुन्या मशीनबद्दल म्हणायची, "ते नुसतं फिरायलंय, पाणी कुठं जायलंय काय दिसंना." तेव्हा मी ते मनावर घेतलं नव्हतं.

बिघाड दोन झाले. पहिला फेब्रुवारीत, उंदराने खालून शिरून पाणी सोडायची नळी कुरतडली. नळी बदलली आणि बुडाला जाळी बसवून घेतली. जाळी पहिल्या दिवशीच बसवायला हवी होती. ज्यांचं मशीन मागच्या अंगणात किंवा जिन्याखाली आहे, त्यांनी हे विसरू नये.

दुसरा बिघाड मे महिन्यात, मी तिथे असतानाच. धुण्याची मोटार घुमायची पण पंखा फिरेना. हाताने जरा ढकललं की फिरायला लागायचा. हे कपॅसिटर गेल्याचं लक्षण. सिंगल फेज मोटारीला सुरू होताना लागणारा झटका तोच देतो. चाचांनी दुकानातल्या मुलाला पाठवलं. त्याने प्लग काढला, मागचे सहा स्क्रू काढले. खाली रबरी पट्टा, दोन मोटारी आणि त्यांच्या शेजारी अंगठ्याहून जाड, पांढरे प्लास्टिकचे दोन डबे. एकाचं बूड फुगलेलं. तो म्हणाला, "हे बघा ताई, पोट आलंय ह्याला." पेचकसाच्या टोकाने दोन्ही वायरी जोडून उरलेली वीज काढली, नवा बसवला, वायरींना टेप गुंडाळली. वीस मिनिटं. कपॅसिटर १२० रुपये, मजुरी २००. त्या दिवसाचं धुणं त्याच दिवशी वाळत पडलं. आईचा चेहरा मी पाहत होते. जुन्या मशीनचे ते दोन महिने तिच्याही डोक्यात असणार.

आता जे खुपतं ते. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात हाताने टाकावे लागतात, आणि भिजलेली चादर जड असते. मे महिन्यात आईचं मनगट दुखत होतं, तेव्हा चादरी दादाच उचलायचे. म्हणून हे मशीन एकट्या राहणाऱ्या, हाताला जोर नसलेल्या माणसाला मी सुचवणार नाही. धुणं चालू असताना तासभर आसपास राहावं लागतं. पिळायच्या टबात कपडे एका बाजूला झाले की मशीन नाचतं. मशीनबरोबर आलेली गोल जाळी कपड्यांवर दाबून बसवली तर नाचत नाही, पण ते रोज आठवणीने करावं लागतं. बाहेरचा पत्रा पातळ आहे, तळाशी एका कोपऱ्यात गंज दिसायला लागलाय. त्यासाठी मशीन चार इंच उंच लोखंडी स्टँडवर ठेवलंय. पिळणं मात्र उत्तम. पावसाळ्यातसुद्धा जीन्स दुसऱ्या दिवशी दुपारी वाळतात.

टबात क्षार बसतात, पण हाताला लागतात असे, खरखरीत. दोन महिन्यांतून एकदा शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालून रिकामं मशीन पंधरा मिनिटं फिरवते आई. किराणा दुकानात मिळतं, वेगळी महागडी पावडर लागत नाही. सोडा जास्त झाला तर पांढऱ्या कपड्यांवर राखट झाक येते, हे आम्ही दादांच्या दोन धोतरांवर शिकलो.

आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जुन्या मशीनच्या वेळी मला हे ठाऊक असतं तर त्या दोन महिन्यांत मी नक्की फोन केला असता.

गेल्या आठवड्यापासून पिळायच्या टबाचं झाकण उघडल्यावर टब लगेच थांबत नाही, ब्रेकची तार सैल झाली असणार. ती घट्ट होईपर्यंत टब पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नकोस, असं आईला दोनदा बजावलंय. चाचा दसऱ्यानंतर येतो म्हणालेत. स्टीलच्या एका जुन्या डब्यात आईने एक कपॅसिटर, एक पट्टा आणि ब्रेकची नवी तार आणून ठेवली आहे. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्या अक्षरात लिहिलंय: 'मशीनचं सामान'.