जुन्या शेतघरातलं स्वयंपाकघर: मॉड्युलर की सुटं?

जुन्या शेतघराची डागडुजी झाली आणि आत गावाकडच्या वळणाचं स्वयंपाकघर हवं असेल, तर कपाटांचा रंग आणि मुठी नंतर बघा. आधी ठरवा, भिंतभर मॉड्युलर करायचं की टेबल, फडताळ, मांडणी असं सुटं सामान ठेवायचं.

मॉड्युलरचे फायदे उघड आहेत. सुमारे 60 सेंटीमीटर खोल खण, सलग ओटा, नळ-वायरी झाकलेल्या, कोपराही कामी येतो. खोली लहान आणि माणसं जास्त असतील तर ही सोय मोठी. पण हे खण सरळ भिंती आणि काटकोन धरून बनतात. दगडी भिंतीला ओळंबा लावून पाहा, वर जाता जाता ती बऱ्याचदा बोटभर तरी कललेली निघते. मग फटी बुजवायला सुतार पट्ट्या मारत बसतो. खिडकी बसकी असेल तर आणखी पंचाईत. ओटा 85-90 सेंटीमीटर उंच आणि खिडकीचा काठ त्याच्या खाली, म्हणजे ओटा काचेसमोरून आडवा जाणार आणि मागच्या खाचेत कायमचा कचरा साठणार.

खरी गोम ओलीत आहे. दगड-चुन्याची भिंत ओल शोषते आणि सावकाश हवेत सोडते. तिला पाठ टेकवून कपाटं बसवली की हवा कोंडते आणि मागे बुरशी धरते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर एकदा फुगलं की गेलंच. (भिंत ‘कायमची कोरडी’ करायला सिमेंटचा गिलावा सुचवणारे भेटतील. त्याने ओल आतच अडकते. गिलावा चुन्याचाच हवा.) सुटं फडताळ भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवता येतं, खालून वारा खेळतो, दुरुस्ती निघाली की सरकवता येतं. घर वारसा यादीत असेल तर भिंती न फोडता होणारं काम केव्हाही बरं. तरी बदलांची परवानगी आधीच विचारून घ्या.

सुट्या सामानाचा जाच रोजचा असतो. दोन वस्तूंमधल्या फटीत सांडलवंड होते, उंची जुळत नाही, उंचसखल फरशीवर पायाखाली पाचर लागते. साठवणही कमीच.

माझं मत विचाराल तर सिंक आणि शेगडीची भिंत पक्की बांधा, शक्यतो आतल्या बाजूची. बाकी सगळं सुटं. ओट्याला शेगडीजवळ ग्रॅनाइट बरा, गरम भांडं सहज सोसतो. संगमरवरावर लिंबाचे डाग उठतात. लाकूड दिसतं झकास, पण नळाशेजारी पाणी साचून काळं पडतं आणि अधूनमधून तेल मागतं, म्हणून ते मधल्या टेबलापुरतं ठेवा. चिनीमातीचं खोल सिंक या घरात शोभतं खरं, पण रिकामंच चांगलं जड असतं. ते कपाटाच्या फळीवर नको, त्याच्याखाली विटांचे खांब किंवा भक्कम लाकडी चौकट घ्या.