घराजवळ नोकरी मिळवून देणारी सेवा: एका पालकाचा अभिप्राय

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलांना राहत्या भागातच नोकरी मिळवून देण्याचे काम डोंबिवली परिसरातील एक पालक-संस्था करते. आमच्या बावीस वर्षांच्या मुलासाठी आम्ही तिची मदत घेतली. आता तो घरापासून चालत जाता येईल अशा एका घाऊक किराणा दुकानात डाळी-कडधान्यांचे पॅकिंग करतो. मुलाची ओळख जाहीर होऊ नये म्हणून संस्थेचे नाव देत नाही, पण अशी सेवा कशी पारखावी हे इतर पालकांना कळावे यासाठी सविस्तर लिहीत आहे.

विशेष शाळा साधारणतः अठराव्या वर्षी संपते आणि त्यापुढे बहुतेकांसमोर कार्यशाळेचाच, म्हणजे अशा प्रौढ मुलांना एकत्र बसवून छोटी कामे देणाऱ्या केंद्राचाच, पर्याय असतो. पुण्याची कामायनी १९६४ पासून आणि नाशिकची प्रबोधिनी १९७७ पासून या क्षेत्रात उभी आहे, आणि त्यांच्यासारख्या संस्थांनी हजारो घरांना आधार दिला आहे. मात्र आमचा मुलगा ज्या कार्यशाळेत जात असे, तिथे पणत्या आणि उटण्याची कामे दिवाळीपुरतीच असत. एरवी त्याचा बराचसा वेळ बसून जाई आणि जाण्या-येण्यासाठी रोज कोणाला तरी सोबत करावी लागे.

या संस्थेचे वेगळेपण पहिल्या भेटीतच जाणवले. आलेल्या ताईंनी बुद्ध्यंकाचा अहवाल बाजूला ठेवून, कोणी न सांगता तो घरात काय करतो, असे विचारले. घासलेल्या वाट्या तो आकाराप्रमाणे एकात एक रचून ठेवतो, हे त्यांनी टिपून घेतले. मोठा आवाज त्याला सहन होत नाही हे कळल्यावर, आधी सुचवलेले पोळी-भाजी केंद्र त्यांनी स्वतःहून रद्द केले, कारण तिथे मिक्सर आणि एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू असतो. रिकाम्या जागेत मुलाला बसवण्याऐवजी मुलाला साजेशी जागा शोधण्याची ही पद्धत मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटते.

नोकरी ठरल्यावर संस्थेचा जॉब कोच सुरुवातीचे काही आठवडे दुकानातच त्याच्या शेजारी उभा राहून काम शिकवत होता. मुलाला वजनाची कल्पना नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक तराजूच्या वर ‘०.५००’ असे ठळक अक्षरांतील कार्ड चिकटवले गेले. कार्डावरचा आणि तराजूवरचा आकडा तंतोतंत जुळला की पिशवी सील करायची, एवढेच त्याला शिकवले. सील करण्याच्या यंत्राचा दिवा विझेपर्यंत दांडा दाबून धरायचा, हे तो दुसऱ्याच दिवशी शिकला. गिऱ्हाईक आणि सुटे पैसे यांच्याशी त्याचा संबंध जाणीवपूर्वक ठेवलेला नाही. कोचने आम्हाला सांगितले होते, “आई, तुम्ही सध्या दुकानाकडे येऊ नका, काही अडलं तर त्याला मालकांनाच विचारू द्या.” ते पाळणे मला फार जड गेले, परंतु आज तो पिशव्या संपल्या की स्वतः मागतो.

पगाराबाबतही संस्था ठाम राहिली. मालकांनी आधी हातखर्चापुरती रक्कम देऊ केली होती, पण दुकानातील इतर मदतनिसांना ताशी जे मिळते तेच त्यालाही मिळावे, हे संस्थेने त्यांना पटवून दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण असून, त्यातील एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार अशा गटांसाठी आहे. मात्र अशा लहान दुकानांना ते आरक्षण लागू नाही, त्यामुळे मालकांशी कोणीतरी बोलणी करणे अत्यंत आवश्यक असते.

उणिवाही आहेत. कोचने भेटी फार लवकर कमी केल्या. दिवाळीत पाव किलोची पाकिटे सुरू झाली तेव्हा मुलगा अर्धा किलोच भरत राहिला आणि मालकांची चिडचिड झाली. फोन केल्यावर कोच आला, त्याने दुसऱ्या रंगाचे ‘०.२५०’ चे कार्ड लावले आणि प्रश्न सुटला, पण कामात बदल होणार का हे मालकांना आधीच विचारण्याची व्यवस्था हवी होती. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी ठेवतात, त्यामुळे नोकरदार पालकांना तिथे जाता येत नाही. बँक खात्याची तयारी करून घेण्याबाबतही कोणी सुचवले नव्हते. खाते उघडताना बँकेने कायदेशीर पालकत्वाचा दाखला मागितला आणि तो येईपर्यंत पगार रोख घ्यावा लागला. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये हा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती देते. मूल अठरा वर्षांचे होताच त्यासाठी अर्ज करावा.

ज्या मुलांना स्वतःची स्वच्छता सांभाळता येते आणि काही तास एका जागी काम करता येते, त्यांच्यासाठी मी या सेवेची निःसंकोच शिफारस करेन. अधिक आधाराची गरज असलेल्या मुलांसाठी सध्या तिच्याकडे योग्य जागा नाहीत. प्रतीक्षायादी मोठी असल्याने शाळेच्या शेवटच्या वर्षातच नाव नोंदवावे आणि जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) सोबत न्यावे.