नऊ महिने कानांवर: लग्नाच्या चित्रीकरणासाठी घेतलेल्या तारेच्या हेडफोनचा अनुभव

खानदेशातल्या अमळनेरात मी चौदा वर्षांपासून लग्नांचे चित्रीकरण आणि संकलन करतो. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी स्टुडिओत वापरतात तसे, बंद कपांचे, तारेचे हेडफोन घेतले. आता श्रावण लागला आहे. म्हणजे लग्नसराईचा एक पूर्ण हंगाम आणि त्यानंतरचे एडिटिंगचे दिवस मिळून नऊ महिने हे हेडफोन रोज पाच-सहा तास माझ्या कानांवर आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या तीन-चार कंपन्यांच्या हेडफोनची बांधणी बरीचशी सारखी असते आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांनाच लागू पडावे.

तारेचेच का घेतले, हा प्रश्न दुकानदारापासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांनी विचारला. आपल्याकडे व्हिडिओ साधारणपणे सेकंदाला 25 फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. ब्लूटूथचा आवाज कानापर्यंत यायला सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. चित्रपट पाहताना मोबाइल हा फरक आतल्या आत जुळवून घेतो, पण संकलनाच्या टाइमलाइनवर, म्हणजे संगणकावरच्या चित्र-आवाजाच्या पट्टीवर, कट मारताना तो चार-पाच फ्रेमचा उशीर थेट हाताशी येतो. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणी बँडचा पहिला ठोका वाजतो. तो ठोका आणि उडालेल्या अक्षता एकाच फ्रेमवर बसल्या नाहीत, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण प्रसंग मिळमिळीत वाटतो. तारेवर ही अडचण येत नाही. शिवाय यांचा इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, कमी, चाळीस ओहमच्या आसपास आहे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या छोट्या जॅकवरही आवाज पुरेसा मोठा मिळतो आणि वेगळा अॅम्प्लिफायर सोबत बाळगावा लागत नाही.

खरा उपयोग मला फेब्रुवारीत, पारोळा रस्त्यावरच्या एका गावात कळला. हळदीचा कार्यक्रम होता. मांडवात एका बाजूला जाते मांडलेले, त्याला आंब्याची पाने आणि सूत बांधलेले, आणि दोन म्हाताऱ्या बाया खुंटा धरून हळद दळता दळता अहिराणीत गाणे म्हणत होत्या. मी रेकॉर्डर जात्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि हेडफोन लावले, तर गाण्याच्या खाली एक सलग घुमणारा आवाज ऐकू आला. मोबाइलसोबत मिळालेल्या इअरफोनवर मी हा आवाज कधीच ऐकला नव्हता, कारण इतका खालचा स्वर ते नीट देतच नाहीत. शोधल्यावर दिसले की मांडवाच्या हॅलोजनची वायर आणि माझी माइकची तार पाच-सहा फूट अगदी शेजारून गेल्या होत्या आणि विजेची 50 हर्ट्झची गुणगुण माइकमध्ये उतरत होती. माइकची तार दूर ओढली आणि जिथे ओलांडणे भागच होते तिथे ती वायरवरून काटकोनात नेली, तशी गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. चौदा वर्षांत किती लग्नांच्या आवाजात ती गुणगुण राहून गेली असेल, या विचाराने मला त्या रात्री फार वाईट वाटले.

गुणगुण गेल्यावर जे ऐकू आले, त्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे. जात्याची घरघर एका लयीत चालली होती, आणि ज्या क्षणी खुंटा समोरच्या बाईकडे जाई त्या क्षणी ओळ तिच्याकडे जात होती. म्हणजे गाण्याचा ताल हाताच्या फेऱ्यातून येत होता. बांगड्या दगडाला लागत होत्या. थोरल्या बाईचा श्वास ओळीच्या मध्येच संपे, आणि तेवढी जागा धाकटी आपल्या आवाजाने भरून काढी. डोळ्यांनी मी हे शेकडो वेळा चित्रित केले आहे, पण कानांनी पहिल्यांदाच ऐकले. गाणे संपल्यावर थोरलीने विचारले, "भाऊ, मना आवाज उना का तुना मशीनमा?" मी हेडफोन काढून तिच्या डोक्यावर ठेवले, रेकॉर्डिंग वाजवले आणि म्हणालो, "उना ना माय, बठ्ठा उना." (म्हणजे, माझा आवाज आला का तुझ्या मशीनमध्ये? आला ना माय, सगळा आला.) ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग तिने सुनेला हाक मारून तिलाही ऐकायला बसवले.

त्याआधी हळदीच्या प्रसंगाखाली मी एखादे चित्रपटगीत टाकून मोकळा होत असे. मूळ आवाज शून्यावर आणायचा आणि वर गाणे ठेवायचे, ही आमच्या धंद्यातली सरसकट पद्धत आहे. आता हळद, मांडव आणि पाठवणी या तीन ठिकाणी मी मूळ आवाज ठेवतो आणि चित्रपटगीत फक्त हायलाइटमध्ये, म्हणजे निवडक क्षणांच्या छोट्या फिल्ममध्ये, तेही घरच्यांनी मागितले तरच वापरतो. याला व्यावहारिक कारणही आहे. लग्नाच्या वरातीत आणि समारंभात गाणे वाजवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, पण तेच गाणे घालून केलेली फिल्म यूट्यूबवर चढवली की त्या सवलतीचा आधार राहत नाही आणि पुष्कळदा गाण्याच्या मालकाचा दावा येऊन पडतो. आजीच्या गाण्यावर असा दावा करायला कोणी येत नाही. काही गिऱ्हाइकांनी सुरुवातीला नाराजी दाखवली, हे खरे आहे. एका नवरदेवाने मला पूर्ण हळद पुन्हा गाणे टाकून करायला लावली. मी ती करून दिली आणि मूळ आवाजाची प्रतही त्याच पेनड्राइव्हमध्ये ठेवली.

कामाखेरीज हे हेडफोन मी सकाळी सहा ते सात, घरातले उठायच्या आधी, माझ्या आवडीच्या गाण्यांसाठी वापरतो. माझे ऐकणे मुख्यतः भीमसेन जोशींचे अभंग आणि कुमार गंधर्व. कुमारांविषयी एक गोष्ट मला पूर्वी नुसती माहीत होती, ती आता पटते. 1948 च्या सुमारास ते क्षयाच्या आजारात देवासला राहायला गेले. गाणे बंद होते, आणि अंथरुणावर पडून ते माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीते ऐकत राहिले. त्या धुनांतून पुढे त्यांनी धुनउगम राग बांधले. त्यांची निर्गुणी भजने या हेडफोनवर ऐकताना तानपुरे गाण्याच्या मागे वेगळे उभे राहतात, आणि एक तुकडा संपून दुसरा सुरू होईपर्यंतची शांतताही ऐकू येते. त्या शांततेत मला पारोळा रस्त्यावरच्या जात्याची आठवण होते. आमच्या जवळच आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्याही शेतातल्या आणि जात्यावरच्याच. त्या लिहून ठेवणारे हात घरात होते म्हणून त्या उरल्या. पण बहिणाबाईंचा स्वतःचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही, ही गोष्ट आता मला पूर्वीपेक्षा जास्त लागते.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत एक इशारा द्यायला हवा. हे हेडफोन काही झाकत नाहीत. मोबाइलवर गोड वाटणारी कमी दर्जाची फाइल यांवर पत्र्यासारखी वाजते, आणि नुसते मन रमवायला गाणी ऐकणाऱ्याला हा स्पष्टपणा थकवू शकतो.

आता दोष. पहिला, कानावरच्या गाद्या. त्या नकली कातड्याच्या आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा दुपारच्या लग्नात अर्ध्या तासात त्या घामाने निथळतात. सहाव्या महिन्यात त्यांचे काळे पापुद्रे सुटून गालाला चिकटू लागले. मी सातव्या महिन्यात मखमली कापडाच्या गाद्या बसवल्या. घाम कमी झाला, पण खालचे स्वर जरा हलके झाले आणि बाहेरचा आवाज अधिक आत येऊ लागला. म्हणून मूळ पद्धतीच्या गाद्यांचा एक जोड मी एडिटिंगसाठी वेगळा ठेवला आहे. दुसरा दोष वेटोळ्या तारेचा. ती टेबलावर सोयीची आहे, पण गर्दीत मुलांच्या हाताला अडकते, आणि एकदा तिच्या ओढीने रेकॉर्डर पाटावरून खाली आला. तिसरी गोष्ट दोष नाही, मर्यादा आहे. बंद कप माणसांचा कलकलाट बऱ्यापैकी अडवतात, पण डीजेचा बास अडवत नाहीत, तो छातीतून आणि जमिनीतून पोहोचतोच. अशा वेळी कानांवर भरवसा न ठेवता मी रेकॉर्डरचे मीटर पाहतो, ज्यावर शून्याच्या वर आवाज फाटतो, आणि सर्वात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावतो, म्हणजे अचानक फुटलेल्या फटाक्यालाही वर जागा उरते.

जो माणूस लग्नात एकटाच कॅमेरा आणि आवाज दोन्ही सांभाळतो, त्याने दुसरी लेन्स घेण्याआधी असे हेडफोन घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ज्याला फक्त प्रवासात गाणी ऐकायची आहेत, त्याला तार आणि वजन दोन्ही नकोसे होतील.

आमच्या गल्लीत या श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसली, तेव्हा रात्रीच्या जागरणाला मी कॅमेरा घरी ठेवून फक्त रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन गेलो. पहाटेपर्यंत साडेतीन तासांची गाणी मिळाली. ती सध्या मी एकेक करून ऐकतो आहे, आणि कोणते गाणे कोणी म्हटले हे आईला विचारून फाइलवर लिहीत आहे.