काजवे, तारे आणि हॉट पिक्सेल: रॉथेरपी हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यावर

मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे टिपायचे म्हणजे ३०-३० सेकंदांचे फोटो एकामागून एक काढायचे आणि घरी येऊन एकावर एक चढवायचे. त्या उकाड्यात सेन्सर तापतो. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की डार्क करंट (प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये तयार होणारा सिग्नल) दुप्पट होतो आणि काळोखात लाल-निळे ठिपके, म्हणजे हॉट पिक्सेल, उमटतात. हे ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतात, त्यामुळे ‘लायटन’ मोडमध्ये (प्रत्येक जागचा सर्वात उजळ पिक्सेल ठेवून) फोटो जोडले की सगळेच्या सगळे टिकून राहतात.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन इथे नकोच. ते प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतं, आणि तेवढ्यात चमकून गेलेले काजवे हुकतात.

म्हणून रॉथेरपी घेतलं. फुकट आहे, आणि मूळ रॉ फाइलला (सेन्सरने मोजलेल्या कच्च्या माहितीला) हातही लावत नाही. सगळे बदल वेगळ्या पीपी३ फाइलमध्ये राहतात. मला सर्वात मोलाचं वाटलं ते हे की दुरुस्ती डिमोझेकिंगच्या आधी होते. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात; यालाच डिमोझेकिंग म्हणतात. म्हणजे एका बिघडलेल्या पिक्सेलचा जेपेग होईपर्यंत रंगीत डाग झालेला असतो. तिथे क्लोन करत (शेजारचा भाग डागावर चिकटवत) बसायचं आणि पुन्हा सेव्ह करताना आणखी तपशील घालवायचा, हे मला मुळीच पटत नाही.

यातला हॉट पिक्सेल फिल्टर एका टिचकीचं काम आहे, पण तो अंदाजावर चालतो. जास्त कडक लावला तर बारीक तारेही पुसतो! डार्क फ्रेम (मूळ फोटोतून वजा करायचा काळा फोटो) त्याहून कितीतरी चांगली: लेन्सला झाकण, तोच आयएसओ, तेवढाच वेळ, आणि त्याच रात्री, तिथेच. घरी पंख्याखाली काढलेली तितकीशी जुळत नाही.

कायमच्या बिघडलेल्या पिक्सेलसाठी यादी करता येते. डार्क फ्रेमच्या फोल्डरमध्ये कॅमेऱ्याची कंपनी आणि मॉडेल यांच्या नावाची, ‘बॅडपिक्सेल्स’ एक्स्टेंशनची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची, ओळीला एक जागा, आधी एक्स मग वाय. जागा शोधताना डिमोझेकिंग ‘नन’ (म्हणजे बंद) ठेवा आणि दिसणाऱ्या आकड्यांत ४ मिळवा, कारण कडेचे ४ पिक्सेल प्रोग्रॅम दाखवत नाही. काम किचकट आहे, प्रोग्रॅमची मांडणीही गर्दीची आहे. पण यादी एकदा झाली की त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक रॉ फाइलला आपोआप लागते. नवे पिक्सेल बिघडत राहतात, तेव्हा दर हंगामाआधी ती तपासा.

फक्त जेपेग काढत असाल तर यातलं काहीच लागू होत नाही. निदान रात्रीच्या फोटोंना तरी रॉ चालू करा.