किमोचे बर्फाचे मोजे: एकच जोड घेऊन भागत नाही

पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकतो. तो टाळायला ड्रिपच्या वेळी घालायचे जेलचे गार हातमोजे-पायमोजे आता ऑनलाइन सहज मिळतात. घेताना एक बघा: सांधेदुखीसाठीही असेच मोजे विकतात, पण त्यातल्या बऱ्याच मोज्यांत बोटांची टोकं उघडी असतात. ते इथे बिनकामाचे. मुंग्या आणि बधिरपणा सुरू होतो तोच टोकांपासून. थंडीने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध नसांपर्यंत कमी पोचतं, एवढाच यामागचा हिशेब.

क्योटो विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात 36 रुग्णांचा एकच हात आणि एकच पाय गार ठेवला होता. गार हातात तीव्र त्रास 2.8 टक्क्यांना झाला, दुसऱ्या हातात 41.7 टक्क्यांना. आकडे बोलके आहेत, पण रुग्ण थोडे. म्हणूनच अमेरिकेतल्या अॅस्को या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सरसकट शिफारस केली नाही. तुमच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला तर त्याचं कारण हे असू शकतं.

त्या अभ्यासातले मोजे उणे 25 ते 30 अंशांवर गोठवलेले होते. घरचा फ्रीझर साधारण उणे 18 चा. त्यात मालेगाव-येवल्याहून नाशिकला यायचं, तेही एप्रिल-मेच्या उन्हात, म्हणजे वाटेतच निम्मा गारवा गेला. जाड थर्माकोलचा डबा घ्या, मोकळ्या जागेत वर्तमानपत्र कोंबा, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि डबा मोज्यांची वेळ होईपर्यंत उघडू नका. मोजे आदल्या रात्री पिशवीत बंद करून, आडवे पसरून गोठवा. घडी घातली तर जेल तसंच कडक होतं आणि हात आत जात नाही. आत पातळ सुती कापड सरकवून ठेवलं की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटत नाहीत.

खरी मेख वेळेची आहे. एक तासाच्या ड्रिपला आधी 15 मिनिटं, पूर्ण ड्रिप आणि नंतर 15 मिनिटं, असे 90 मिनिटं मोजे लागतात. 45 मिनिटांनी दुसरा जोड चढवायचा. म्हणून दोन जोड घ्या, नाहीतर पैसे वाया. तीन तासांच्या ड्रिपला याच हिशेबाने पाच जोड लागतील. तिथे सरळ पिशवीत बर्फ आणि थोडं पाणी घालून हाताभोवती ठेवलेलं परवडतं. बर्फ शिल्लक असेपर्यंत ते शून्याच्या आसपास राहतं, त्यामुळे कातडी भाजण्याची भीतीही कमी.

हातमोजे चांगले, पायमोजे जेमतेम. एकाच मापाचे असल्याने लहान पावलात पोकळी राहते आणि अंगठ्याला गारवा पोचत नाही. वरून क्रेप बँडेजचे दोन सैलसर वेढे दिले की जेल टेकतं. करकचून बांधू नका.

घालण्याआधी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. धातू गार होऊन कातडीला चटका देतो. नेलपॉलिश नको, नखांचा रंग दिसायला हवा. सुई आधीच, शक्यतो मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात लावून घ्या. हात गार झाल्यावर शीर सापडत नाही. बोटाचा ऑक्सिमीटरही गार बोटावर चुकीचा आकडा दाखवतो, तो कानाच्या पाळीला लावता येतो का ते सिस्टरांना विचारा. लघवीला आधीच जाऊन या, एकदा मोजे चढले की चहाचा ग्लासही दुसऱ्याने धरावा लागतो. आत पातळ सुती मोजे हवेतच. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ठणका लागतो, मग तो बोथट होतो. बोट पांढरंफटक किंवा निळं पडलं, किंवा ठणका असह्य झाला, तर मोजा लगेच काढून सिस्टरांना दाखवा.

हे कुणी घेऊ नयेत? ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असलेल्यांनी अजिबात नाही. त्या औषधाने थंडीच बाधते, फ्रिजमधलं पाणी प्यायलं तरी घशाला झिणझिण्या येतात. थंडीत ज्यांची बोटं पांढरी पडतात, पायाचा रक्तपुरवठा कमी आहे किंवा मधुमेहाने पाय आधीच बधिर आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हात लावू नये. बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही. लाल औषधाच्या (डॉक्सोरुबिसिन) फेऱ्यांना हे मोजे लागतच नाहीत, तेव्हा पॅक्लिटॅक्सेल सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मागवले तरी चालतं. आल्यावर शिवण दाबून बघा. जेल बाहेर येत असेल तर त्याच दिवशी परत करा.